नेसणे आणि नेसवणे

गेल्या महिन्यात एका प्रदर्शनासाठी माझ्या जुन्या छायाचित्रमालिकेची विचारणा झाली आणि तब्बल २२ वर्षांनी मी तिची पेटी माळ्यावरून खाली काढली. २००३ साली काढलेले प्रिंट कडेने पिवळे पडले होते, कारण त्या वेळी घाईत ते पुरेसे धुतले गेले नव्हते आणि हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, अंश कागदात राहून गेला होता. निगेटिव्ह मात्र जशाच्या तशा होत्या. तेव्हा सगळे प्रिंट नव्याने काढायचे ठरले आणि त्या निमित्ताने प्रत्येक निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवून भिंगातून पाहण्याचे काम माझ्याकडे आले. जे काम मी आयुष्यभर माझे सर्वांत स्पष्ट, सर्वांत नेमके काम मानत आले, त्याच्याशी माझे मतभेद त्या उजेडाच्या पेटीवर सुरू झाले.

मालिकेत नऊ छायाचित्रे आहेत आणि नऊही छायाचित्रांत मीच आहे. सांगलीतल्या एका जुन्या स्टुडिओत रंगवलेला पडदा अजून शिल्लक होता: राजवाड्याचा जिना, दोन खांब, मागे तळे. त्या पडद्यापुढे, लाकडी स्टूल आणि पितळी कुंडी एवढ्या सामानावर, नऊ रविवारी आम्ही नऊ बायका उभ्या केल्या. कॅमेरा मध्यम आकाराच्या फिल्मचा होता, एका रोलमध्ये बारा फ्रेम मिळत, आणि एका बाईसाठी एकच रोल वापरायचा असा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. कॅमेऱ्यामागे स्टुडिओचे वयस्क मालक असत. पेहराव, दागिने आणि उभे राहण्याची ढब मी जुन्या चित्रांवरून आणि फोटोंवरून ठरवत असे. आणि लुगडे नेसवायला सांगलीचीच माझी मावशी येत असे. निऱ्या, ओचा, काष्टा यांतले मला काहीही येत नव्हते. ती माझ्यापुढे गुडघ्यांवर बसून निऱ्या घाली, मागे येऊन काष्टा खोची, मग चार पावले मागे जाऊन पाहत राही आणि पुन्हा येऊन पदर अर्धा बोट वर घेई.

त्या वेळी मी २९ वर्षांची होते. प्रदर्शनाच्या भिंतीवर मी जे निवेदन लावले होते, त्यातले एक वाक्य असे होते: ‘बाईपण हे वस्त्र आहे, ते नेसता येते, तसे सोडताही येते.’ त्या वाक्याचा मला फार अभिमान होता. आज त्याच वाक्याबद्दल मला लिहायचे आहे.

बायकांचे ‘नमुने’ उभे करून त्यांचे फोटो काढण्याची रीत आपल्याकडे मुळातच राज्यकर्त्यांनी आणली. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराने तिथल्या जातीजमातींचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली काढले. त्यांत माणसांचे फोटो एकीकडे काढून त्यांच्यामागे भलतीकडची दृश्ये जोडलेली आहेत, म्हणजे माणूस जिथे उभा दिसतो तिथे तो कधी उभाच नव्हता. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने भारतातल्या लोकांचे आठ खंड छापले. रविवर्म्यांनी १८९४ साली घाटकोपरला छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या छापील चित्रांतून लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर आल्या. १९२० साली भारतीय स्त्रियांविषयीच्या एका इंग्रजी पुस्तकासाठी आपल्या एम. व्ही. धुरंधरांनी चित्रे काढली. तीही एका अर्थाने नमुन्यांचीच आहेत, फक्त त्यांचा हात इतका मायाळू आहे की नमुना माणसासारखा दिसू लागतो. या सगळ्या चित्रांच्या पोटात शिरून ती आतून उसवण्याचे काम पुष्पमाला एन. यांनी केले. मुळात शिल्पकार असलेल्या या बंगळुरूच्या कलावतीने छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात दक्षिण भारतातल्या स्त्रियांच्या प्रतिमा स्वतःच्या अंगावर घेऊन पुन्हा उभ्या केल्या. त्यांत रविवर्म्यांची लक्ष्मी आहे आणि मोजमापाच्या चौकटींपुढे उभी केलेली आदिवासी स्त्रीही आहे. त्यांचे काम पाहिल्यावर मी माझ्या यादीतली लक्ष्मी काढून टाकली, कारण तिथे मला आणखी काही म्हणायचे उरले नव्हते. मी मराठी घरातल्या भिंतींकडे आणि अल्बमकडे वळले, ते त्यांच्यामुळेच.

मालिकेतली पहिली बाई होती ‘मानापमाना’तली भामिनी. हे नाटक १९११ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले आणि बालगंधर्वांची भामिनी पाहून घरंदाज बायका तसे लुगडे नेसू लागल्या, तशा केसांत फुले माळू लागल्या, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. नाटकात भामिनी स्वतःच वनमाला नावाच्या गरीब मुलीचे सोंग घेते. म्हणजे पुरुषाने बाईचे रूप घ्यायचे, त्या बाईने दुसऱ्या बाईचे, प्रेक्षागारातल्या बायकांनी त्या रूपाचे अनुकरण करायचे, आणि ९२ वर्षांनी मी त्या पुरुषाचे अनुकरण करायचे. माझ्या निवेदनातले वाक्य या एका छायाचित्रासाठी पूर्ण खरे होते. ही भामिनी आजही मला आवडते. हनुवटी किंचित खाली, नजर वर, डावा हात पदराच्या काठावर. निगेटिव्हवर भिंग ठेवले तेव्हा लक्षात आले की पदर सोडणारी बोटे माझी असली तरी त्या पदराला असलेली चूण मावशीची आहे. ती चूण तिच्या स्वतःच्या लुगड्याला नेहमी असे आणि तिने ती तिच्या आईकडून घेतली होती. आजीने ती कुठून घेतली असेल, हे नाटकवेड्या सांगलीत वेगळे सांगायला नको.

दुसरे छायाचित्र ‘दाखवायच्या’ फोटोचे होते. ज्यांचे लग्न ठरवून झाले त्या माझ्या पिढीतल्या आणि आधीच्या पिढीतल्या बहुतेक बायकांचा असा एक फोटो कुठेतरी असतो. उंची कळावी म्हणून उभा, पायांसकट. चेहरा तीन चतुर्थांश. एक हात प्लास्टिकच्या फुलांच्या कुंडीजवळ. चेहऱ्यावर हसू नाही, पण आठीही नाही. माझ्या आईचा असा फोटो पाच घरी जाऊन परत आला होता आणि त्याच्या मागच्या बाजूला वेगवेगळ्या शाईत पाच वेळा तिची उंची लिहिलेली आहे. मी तो फोटो जसाच्या तसा उभा केला. पुढच्या रविवारी प्रिंट हातात आले तेव्हा माझा चेहरा माझ्या चेहऱ्यापेक्षा गोरा होता आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेलेली होती. स्टुडिओच्या मालकांनी मला न विचारता निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली होती. निगेटिव्हवर पेन्सिलीचा थर चढला की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळते. हजारो मुलींच्या फोटोंवर त्यांनी ते केले होते आणि त्यांच्या दृष्टीने तो कामाचाच भाग होता. मी तेव्हा फार चिडले, ते प्रिंट बाजूला सारले आणि रोलमधली दुसरी फ्रेम वापरली. आता भिंगातून पाहताना त्या बारीक रेघा स्पष्ट दिसतात, गालावर स्वल्पविरामांसारख्या, एकमेकींना न चिकटलेल्या, कमालीच्या सफाईने ओढलेल्या. माझ्या मालिकेतला तो सर्वांत खरा पुरावा होता आणि मी तो फेकायला निघाले होते. नव्या प्रदर्शनात तीच फ्रेम जाईल.

डोहाळजेवणाच्या छायाचित्राविषयी मी थोडक्यातच लिहीन. फुलांचे दागिने, पुठ्ठ्याचा चंद्र, त्यावर बसलेली मी, आणि पोटावर बांधलेली उशी. उशी मावशीनेच बांधली आणि बांधून झाल्यावर सवयीने तिने माझी दृष्ट काढली. आम्ही दोघी त्या वेळी हसलो होतो. माझ्या आयुष्यात खरे डोहाळजेवण पुढे कधी आले नाही. ते छायाचित्र मी बरीच वर्षे पाहिले नव्हते. आता पाहिले, आणि पोटावर ठेवलेल्या माझ्या हाताकडे पाहून मला वाटले की त्या हाताला ते सोंग आहे हे कळलेले नव्हते.

आता नवव्या छायाचित्राकडे येते, ज्यासाठी मुळात हे लिहायला घेतले.

नववी बाई होती आलवण, म्हणजे विधवेचे लाल लुगडे, नेसलेली, केशवपन केलेली विधवा. बाकीच्या आठ बायकांसाठी माझ्याकडे मूळ चित्र किंवा फोटो होता. हिच्यासाठी नव्हता. मी आमचे आणि नातेवाइकांचे अल्बम पालथे घातले, ओळखीच्या चार घरी विचारले, आणि लाल आलवणातली एकही बाई मला फोटोत सापडली नाही, जरी त्या प्रत्येक घरात अशी एक तरी बाई होऊन गेल्याचे लोक सांगत होते. तेव्हा मी ती कल्पनेने रचली. पांढरे सुती लुगडे घरी लाल रंगवले, पदर कपाळापर्यंत ओढून घ्यायचे ठरवले, आणि रविवारी नेहमीप्रमाणे स्टुडिओत जाऊन मावशीच्या हातात ते लुगडे दिले.

तिने ते घेतले, उलगडले, पुन्हा घडी घातली आणि स्टुलावर ठेवले. ‘हे मी नेसवणार नाही,’ ती म्हणाली. मला वाटले, तिला अपशकुनाची भीती वाटते. ती स्वतः वयाच्या ३१ व्या वर्षी विधवा झाली होती, आणि त्या दिवशीही तिच्या अंगावर नेहमीसारखी छापील सहावारी साडी होती. मी तिला समजावू लागले की हे फक्त सोंग आहे, आपण आठ रविवार हेच करत आलो आहोत, आपण नेसतो आणि सोडतो, त्यातूनच तर सगळे उघडे पडते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘अगं, बाकीचं सगळं बाया नेसतात. आलवण कुणी नेसत नव्हतं. ते नेसवायचे. आणि मी नाही कुणाला नेसवणार.’

मी ते वाक्य ऐकले आणि तसेच पुढे गेले. लुगडे मीच कसेबसे गुंडाळले. मालकांनी एका बाजूने मंद प्रकाश टाकला, मी डोळे मिटले, आणि रोल संपला. ते छायाचित्र मालिकेतले सर्वांत गाजलेले छायाचित्र ठरले. निमंत्रणपत्रिकेवर तेच होते, लिहिणाऱ्यांनी त्यातल्या गंभीर सौंदर्याची वाखाणणी केली, आणि मीही ती मान खाली घालून स्वीकारली.

ते छायाचित्र खोटे आहे. त्यात मी कोपरापर्यंतच्या बाह्यांचे ब्लाउज घातले आहे आणि आलवण नेसवलेल्या बाईला चोळीसुद्धा घालू देत नसत, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मावशीला माहीत होते, पण मी तिला विचारले नव्हते. पदराखालून केसांची एक बट मी मुद्दाम सोडली आहे, कारण ती सुंदर दिसत होती. पण हे तपशील दुरुस्त करूनही ते छायाचित्र खरे होणार नाही. ‘नेसणे’ आणि ‘नेसवणे’ या दोन क्रियापदांत जे अंतर आहे तेच माझ्या निवेदनात नव्हते. आपल्या भाषेने ते अंतर एका ‘व’मध्ये साठवून ठेवले आहे आणि मी मराठी असून, रोज मराठी बोलत असून, इंग्रजीत वाचलेल्या एका विचाराच्या जोरावर ते ओलांडून गेले. वस्त्र सोडता येते, हे ज्या बाईला म्हणता येते तिच्यापुरतेच ते खरे आहे. जिचे केस न्हाव्याला बोलावून काढले गेले, तिच्यासाठी बाईपण हा पेहराव नव्हता. १८९० च्या सुमारास मुंबईतल्या न्हाव्यांनी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने असे वपन करायला नकार दिला होता. मावशीने त्या दिवशी स्टुडिओत जे केले ते मला आज त्या नकाराच्या रांगेतले वाटते, आणि मी त्याला अंधश्रद्धेचे नाव दिले याची मला मनापासून लाज वाटते.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी तसेच करावे असे परिपत्रक काढले. ती बातमी वाचताना मी त्यातली क्रियापदे मोजत होते: कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे. यांतले एकही ती बाई स्वतः करत नाही. तिच्यावर केले जाते. मावशीचे वाक्य मला १९ वर्षांनी तेव्हा कुठे नीट ऐकू आले.

प्रदर्शन मांडणाऱ्यांनी सुचवले होते की मी नऊही छायाचित्रे आजच्या वयात पुन्हा काढावीत आणि जुन्यांशेजारी लावावीत. कल्पना मोहात पाडणारी आहे आणि तिला मोठा आधारही आहे. अमेरिकेतल्या एलिनॉर अँटिन यांनी १९७२ साली ३७ दिवस आहार कमी करून रोज चार बाजूंनी स्वतःच्या विवस्त्र देहाचे फोटो काढले, एकूण १४८, आणि त्या मांडणीला त्यांनी पारंपरिक शिल्पाचे नाव दिले. जणू देह हाच दगड आणि उपाशी राहणे ही छिन्नी. मग २०१७ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, त्यांनी तेच सगळे पुन्हा केले. त्या दोन कामांकडे एकत्र पाहणे हा माझ्यासाठी मोठा अनुभव आहे, कारण म्हातारा देह तरुण देहाइतक्या सहजी कोरला जात नाही, तो हट्ट करतो. पण त्यांनी जे पुन्हा केले ते त्यांच्या स्वतःच्या देहाचे होते आणि पहिल्या वेळीही त्यांचेच होते. माझ्या नवव्या छायाचित्रातला देह माझा असला तरी त्यातले दुःख मी उचलून आणलेले होते. ते दुसऱ्यांदा, अधिक सफाईने, योग्य तपशिलांसह उचलणे मला जमणार नाही.

म्हणून ‘दाखवायच्या’ फोटोतली बदललेली फ्रेम सोडली, तर नऊपैकी आठ छायाचित्रे जशी होती तशी जातील. नववे स्वतंत्र, मोठे असे लागणार नाही. त्याच्या जागी त्या रोलचा पूर्ण काँटॅक्ट प्रिंट लागेल, बाराच्या बारा फ्रेम त्यांच्या खऱ्या, सव्वादोन इंचांच्या आकारात. हा निर्णय घेण्याआधी मी तो काँटॅक्ट प्रिंट भिंगाखाली धरला आणि पहिल्या फ्रेममध्ये मला मावशी दिसली. प्रकाश मोजण्यासाठी मालकांनी तिला क्षणभर पडद्यापुढे उभे केले असावे. छापील सहावारी, नाकावर घसरलेला चष्मा, एका हातात माझ्या रंगवलेल्या लुगड्याची घडी. तिने कोणतीही ढब घेतलेली नाही. ती कॅमेऱ्याकडे पाहतही नाही, माझ्याकडे पाहते आहे.

ती फ्रेम लावू का, हे विचारायला मी तिला फोन केला. ती आता ८४ वर्षांची आहे आणि तिचे गुडघे तिला खाली बसू देत नाहीत. लाव की, म्हणाली, पदर नीट आहे ना बघ. मग मी तिला ते विचारले जे २२ वर्षांपूर्वी विचारायला हवे होते: तू आलवण कुणाच्या अंगावर पाहिलेस? ती होती माझ्या आईची आणि मावशीची आत्या, आजोबांची थोरली बहीण. मावशी सांगत राहिली. धुऊन धुऊन त्या लुगड्याचा रंग तांबूस मातीसारखा झाला होता, माझा रंग फार तांबडा होता. आत्या पहाटे आडावर जायची. कोणी दारात आले की आत जायची. आणि मग मावशी म्हणाली की घरी फोटोग्राफर आला होता त्या दिवशीही तिला आत पाठवले होते, ‘पण तिनं दार पूर्ण लावलं नव्हतं. तिला बघायचं होतं ना.’

तो फोटो माझ्याकडे आहे. आजोळच्या वाड्याच्या अंगणात काढलेला, सतरा माणसांचा, पुढे सतरंजीवर मुले, त्यांत सात वर्षांची मावशी. लहानपणापासून तो मी पाहत आले आहे आणि मागचे माजघराचे दार कधी माझ्या नजरेस पडले नव्हते. आता पाहिले. ते वीतभर उघडे आहे. मी तो फोटो जितका मोठा करता येईल तितका मोठा करून पाहिला आणि त्या फटीत करड्या दाण्यांशिवाय काही दिसले नाही.

हा फोटो काँटॅक्ट प्रिंटच्या शेजारी लागेल, मूळ आकारात, कुठेही न कापता. खाली सतरा जणांची नावे आहेत, आजोबांच्या अक्षरात, रांगेप्रमाणे. अठरावे नाव मी लिहिणार आहे. घरात सगळे तिला आत्या म्हणत, त्यामुळे तिचे नाव मला ठाऊक नव्हते आणि मावशीलाही ते लगेच आठवेना. मी फोन धरून थांबले. बऱ्याच वेळाने तिने ते सांगितले, आणि मी लिहून घेतले आहे याची खात्री करण्यासाठी पुन्हा एकदा सांगितले.